सैराट आणि धडक: गोष्ट एकच, मग एक भिडतो आणि दुसरा का नाही?

तुमचा प्रश्न असा: धडक हा सैराटचा हिंदी रिमेक, गोष्ट तीच, संगीत अजय-अतुल यांचंच, झिंगाटसुद्धा तेच. मग सैराटचं कौतुक आणि धडकला नावं, हा नुसता मराठीचा अभिमान आहे का? मला तसं वाटत नाही. दोन्ही लागोपाठ दोन दिवस बघा, फरक उघड दिसतो. (पुढे दोन्ही चित्रपटांचे शेवट सांगितले आहेत. बघायचे राहिले असतील तर आधी बघून घ्या.)

आधी घड्याळ लावा. नागराज मंजुळे यांचा सैराट (२०१६) १७४ मिनिटांचा, शशांक खेतान यांचा धडक (२०१८) १३७ मिनिटांचा. मधली ३७ मिनिटं कुठे गेली ते शोधलं की निम्मं उत्तर हाती येतं.

सैराटमध्ये पाटलाची मुलगी आर्ची आणि खालच्या मानलेल्या जातीतला परश्या प्रेमात पडून पळून जातात. त्याआधी आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात सरांच्या कानाखाली वाजवतो. गोष्टीच्या दृष्टीने हा प्रसंग काढून टाकला तरी प्रेमकथा अडत नाही. पण त्या एका थपडेतून कळतं की या घराला गावात अडवणारं कुणी नाही. शेवट त्यामुळे अचानक आल्यासारखा वाटत नाही, त्याची तयारी बरीच आधी झालेली असते. धडकमध्ये वडिलांचं राजकारण आहे, जातीचा उल्लेखही येतो, पण एखाद्या वाक्यापुरता. उदयपूरचे वाडे आणि तलाव दिसतात, कोण कोणाला का घाबरतं ते दिसत नाही. माझ्या मते रिमेक फसला तो इथेच. गोष्टीचा सांगाडा आणला, पण ती ज्या जमिनीत रुजली होती ती सैराटच्या करमाळ्याकडेच राहिली.

मित्रांकडेही बघा. परश्याचे मित्र लंगड्या आणि सल्या हसवतात, पण लंगड्याचंही एक प्रेम आहे आणि त्याच्या अपंगत्वामुळे ते कुठवर जाणार हे त्याला ठाऊक आहे. धडकमधले मित्र विनोदापुरतेच उरतात.

आता उत्तरार्ध. सैराटचा उत्तरार्ध संथ आहे ही तक्रार पुष्कळांची असते. गाणी चार, आणि ती सगळी पूर्वार्धात. हैदराबादला पोचल्यावर गाणंच नाही. झोपडपट्टीतली खोली, संडासाचा वास, आजूबाजूला तेलुगू, आर्चीला एक शब्द कळत नाही. बुलेट चालवणारी पाटलाची मुलगी इथे कारखान्यात कामाला जाते. मग परश्याचा संशय, भर रस्त्यात मारहाण, तिचं निघून जाणं आणि परतणं. हे भराभर उरकलं असतं तर दोघांनी संसार उभा केला हे पटलंच नसतं. धडकमध्ये पळून कोलकात्यात आलेल्या पार्थवी-मधुकरलाही अडचणी येतात, पण त्या पटापट सुटतात, म्हणून त्यांच्या सुखाला वजन येत नाही.

सैराटमध्ये दोष नाहीत असं नाही. पूर्वार्धातलं स्लो मोशन फार ताणलंय. धावणं, उडी, वळून बघणं, सगळं संथ. त्यातली दहा मिनिटं कापली असती तरी काही बिघडलं नसतं.

शेवट मात्र आवाज बंद करून आणि चालू ठेवून, असा दोनदा बघा. सैराटमध्ये आर्ची-परश्याचा खून होताना दिसत नाही. त्यांचं लहानगं मूल घरात येतं, रडतं, पण त्याचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. मग दारातून बाहेर पडणारी त्याची रक्ताळलेली पावलं. दिग्दर्शकाने आवाज काढून घेतल्यामुळे रडायचं की गप्प बसायचं ते आपल्यावर सोडलंय. धडकमध्ये बाळ आणि मधुकर वरून खाली पडतात, पार्थवी समोर उभी असते. धक्का बसतो, पण तो घटनेचा असतो. शिवाय पार्थवीला जिवंत ठेवल्यामुळे सैराटमधल्या त्या घराने स्वतःच्या लेकीचं काय केलं, हा मुख्य प्रश्नच निसटतो.

इतर चित्रपटांनाही हीच चाचणी लावता येते. मध्यंतरानंतरची पहिली २० मिनिटं नीट बघा. लेखकाने मध्यंतरापर्यंतच विचार केला असेल तर तिथेच योगायोग सुरू होतात, नवा खलनायक उगवतो किंवा कारण नसताना गाणं येतं. पार्श्वसंगीत पात्राच्या आधी रडायला लागलं, तर त्या प्रसंगावर करणाऱ्याचाच भरवसा नव्हता असं समजा. मंजुळ्यांच्याच फँड्रीत डुक्कर पकडता पकडता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. तिथे शाळेतून येणाऱ्या त्या सुरांशिवाय दुसरं काहीच लागत नाही.