स्पेलिंग पाठ होते, पण टिकत नाही

प्रश्न : माझी पाचवीतील मुलगी इंग्रजी शब्दांची स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून काढते, तरीही आठवड्याभराने तीच चुकतात. काय करावे?

उत्तर : वरची ओळ पाहून खालची उतरवताना हात चालतो, पण स्मरणाला काहीच काम उरत नाही. त्याऐवजी तिला शब्द नीट पाहू द्या, तो झाकून आठवून लिहू द्या आणि तिचे तिलाच ताडून पाहू द्या. तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने विचारा, कारण विसरू लागलेला शब्द प्रयत्नाने आठवला की अधिक पक्का होतो.

चुकलेल्या शब्दावर कृपया फुली मारू नका. ‘सेपरेट’ लिहिताना पुष्कळ मुले मधल्या ‘ए’च्या जागी ‘ई’ लिहितात, म्हणजे उरलेली सात अक्षरे त्यांना येतच असतात. रेघ तेवढ्या एका अक्षराखाली ओढावी.

मला सर्वांत मोलाची वाटते ती शब्दांच्या कुळाची ओळख. ‘साइन’मधला ‘जी’ ऐकू येत नाही, परंतु ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’मध्ये तो स्पष्ट उमटतो, हे मुलीने स्वतः बोलून पाहिले की ते अक्षर तिला निरर्थक वाटत नाही. एका बैठकीला पाच-सहा शब्द पुरेत.