जुन्या रॉक गाण्यांत लपलेले आवाज खरे असतात की नुसत्या वावड्या?

आवाज बरेचसे खरे आहेत. त्यांच्यावर रचलेल्या कहाण्यांचं काही खरं नाही.

आज रात्री पंखा बंद करा, हेडफोन लावा आणि बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ' (१९६७) शेवटपर्यंत ऐका. शेवटचा सूर तीन पियानोंवर एकदम दाबलेला आहे आणि तो जवळजवळ पाऊण मिनिट विरत जातो. तो विरायला लागला तसतसा रेकॉर्डिस्ट जेफ एमरिक माइकचा आवाज चढवत गेला. त्यामुळे अगदी शेवटी स्टुडिओतली खुर्ची चक्क करकरते. पहिल्यांदा मला वाटलं, माझीच खुर्ची वाजली.

आता कहाणी. ऑक्टोबर १९६९ मध्ये डेट्रॉइटच्या एका रेडिओ कार्यक्रमानंतर बोंब उठली की बीटल्सचा गायक पॉल मॅककार्टनी कधीच मेलाय आणि बँडमध्ये फिरतोय तो त्याचा तोतया. (पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पाहिलेल्या आपल्याला यात नवल नाही.) पुरावा काय, तर त्यांच्याच 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' गाण्याच्या शेवटी बँडमधला जॉन लेनन 'आय बरीड पॉल', म्हणजे 'मी पॉलला पुरलं', असं पुटपुटतो. लेननचं म्हणणं, मी 'क्रॅनबेरी सॉस' म्हणालो. १९९६ च्या 'अँथॉलॉजी २' मध्ये त्याच गाण्याचा वेगळा टेक, म्हणजे वेगळं रेकॉर्डिंग आहे, त्यात सॉस स्वच्छ ऐकू येतो.

मी घरी प्रयोग केला. आईला काही न सांगता तो तुकडा ऐकवला. ती म्हणाली, "झोपेत बरळतोय कोणीतरी." मावसभावाला आधी 'पुरलं' ची गोष्ट सांगितली, त्याला लगेच 'पुरलं' ऐकू आलं! गाणी उलटी वाजवून सैतानाचे निरोप शोधणाऱ्यांचंही असंच होतं.

काही आवाज तर निव्वळ हलगर्जीपणाचे. लेड झेपेलिन या बँडच्या 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' (१९७०) मध्ये ड्रमचं पेडल सबंध गाणंभर कुचकुचतं, तेल न घातलेल्या शिलाई मशीनसारखं. आता मला त्या कुचकुचीशिवाय ते गाणं गोड लागत नाही.

हां, मुद्दाम लपवलेला एक राहिलाच. 'अ डे इन द लाइफ'च्या त्या करकरीनंतर, ब्रिटिश एलपीवर, बीटल्सनी कुत्र्यांसाठी म्हणून १५ किलोहर्ट्झची, म्हणजे फारच उंच सुराची शिटी घातली होती. सीडीवरही ती आहे. मला आता ऐकू येत नाही, वय झालं. भाचीला ऐकवली, तर तिने तोंड वाकडं करून हेडफोन काढून फेकला.