इंजेक्टर खरंच गेलाय का? घरी काय तपासावं, काय तपासू नये

प्रश्न : काका, नमस्कार. आमची २००३ सालची झेन वडील गेल्यावर वर्षभर पोर्चमध्ये झाकून उभी होती. आता सुरू होते, पण सकाळी थंड असताना मिसिंग मारते, पिकअप घेत नाही. तापली की बरी चालते. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, ‘चारही इंजेक्टर गेले, नवीन टाका.’ माझ्याकडे मल्टिमीटर आहे. शेजारी म्हणतात, इंजेक्टर बाहेर काढून बॅटरी लाव आणि फवारा बघ. करू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तुमची धडपड मला फार भावली. फवाऱ्याचं मात्र अजिबात करू नका. का ते पुढे सांगतो. आणि चार नवीन इंजेक्टरचे पैसेही एवढ्यात मोजू नका.

इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी विजेवर उघडणारी तोटी; उभ्या गाडीत ती चिकटते हे खरं. तोंडाशी राहिलेलं पेट्रोल वाळून वार्निशसारखा थर धरतो. पण तुमची तक्रार वाचून मला आधी टाकीतल्या पेट्रोलचाच संशय आला. वर्षभर पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, पटकन वाफ होणारा भाग उडून जातो, आणि थंड इंजिनाला सकाळी नेमका तोच लागतो. जुनं पेट्रोल गॅरेजमध्ये काढून घ्या, फिल्टर बदला, ताजं भरा, चार दिवस चालवा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावरच सुधारल्या आहेत.

तरीही मिसिंग राहिलं तर इंजिन गार असताना चारही स्पार्क प्लग काढून क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. एकच पांढराफटक असेल तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय. एकच काळा आणि ओला असेल तर तिथला इंजेक्टर गळतोय किंवा प्लगला करंट मिळत नाही. दोन प्लगांची अदलाबदल करून बघा. मिसिंग प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेलं तर इंजेक्टरचा काही दोष नाही.

मग कान लावा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला. बाह्या आणि केस फॅन-बेल्टपासून दूर ठेवा. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, इंजेक्टर सेकंदाला सहा-सात वेळा तरी उघडतो, आणि दर वेळी फक्त दोन-तीन मिलिसेकंद. चांगला इंजेक्टर कोरडा, टणक वाजतो, पलीकडच्या खोलीत शिलाई मशीन चालू असावी तसा. चिकटलेला बद्द वाजतो, कच्च्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. मेलेला गप्पच; त्याच्यातून शेजारच्याचाच आवाज झिरपत येतो. एकट्याचा आवाज ऐकून काही कळत नाही, चारही ओळीने दोनदा ऐका. माझे उस्ताद कोल्हापूरच्या उद्यमनगरात डोळे मिटून ऐकायचे आणि मग खडूने नेमक्या इंजेक्टरवर फुली मारायचे. तो कान मला यायला तीन वर्षं लागली, पण चारांतला वेगळा ओळखायला तुम्हाला एक सकाळ पुरेल.

आता मीटर. इंजिन आणि चावी बंद करून कपलर, म्हणजे इंजेक्टरला वायर जोडणारा प्लास्टिकचा प्लग, काढा. इतक्या जुन्या कपलरचं प्लास्टिक तापून ठिसूळ झालेलं असतं, म्हणून वायर धरून ओढू नका. मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करायला लक्षात ठेवा. तुमच्यासारख्या गाडीत इंजेक्टर साधारण १२ ते १६ ओहम दाखवतो. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. आकडाच आला नाही तर आतली गुंडाळी तुटली, बाकीच्यांपेक्षा फारच कमी आला तर शॉर्ट झाली. नंतर चावी ऑन करून कपलरच्या दोन पिना तपासा. एकीवर बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत. ते नसतील तर दोष वायरिंगमध्ये शोधा. चारही आकडे बरोबर आले तरी निश्चिंत होऊ नका, कारण गुंडाळी ठणठणीत आणि तोंड बुजलेलं, असं नेहमी होतं.

म्हणून शेवटी इंजिन आयडलवर ठेवून एकेक कपलर काढा आणि परत लावा. चांगल्याचा काढला की इंजिन लगेच थरथरतं. ज्याचा काढूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. चेक इंजिनचा दिवा लागला तर घाबरू नका. हीच परीक्षा प्लगची केबल उपटून घ्यायची जुनी सवय मात्र सोडा. त्याने न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो.

आता तो फवारा. बरीच वर्षं झाली, मीही इंजेक्टर बाकड्यावर ठेवून बॅटरीची वायर टेकवून बघायचो. एकदा वायर टेकवताना टर्मिनलवर ठिणगी उडाली आणि समोरचं धुकं भस्सकन पेटलं. माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोराचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तो वाचला, आज स्वतःचं गॅरेज चालवतो, पण त्या हातावरची गुळगुळीत कातडी दिसली की मला अजून बोलवत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत घराच्या कोपऱ्यातल्या गिझरपर्यंतही पोचते. शिवाय बॅटरीची वायर जास्त वेळ टेकली तर गुंडाळी जळते ती वेगळीच.

फवारा बघायचाच तर रेल, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी, उतरवून इंजेक्टर टेस्टिंग बेंचवर द्या. तिथे चारही काचेच्या नळ्यांत एकाच वेळी मोजतात आणि अल्ट्रासॉनिकमध्ये धुतात. धुण्याआधीचे आणि नंतरचे आकडे लिहून मागा. जो देत नाही त्याच्याकडे काम देऊ नका. बसवताना ओ-रिंगा, म्हणजे इंजेक्टरभोवतीच्या रबरी कड्या, नव्याच टाका आणि त्यांना इंजिन ऑइलचं बोट लावा. जुन्या, कडक झालेल्या रिंगेतून पेट्रोल गळालं तर ते गरम इंजिनावरच पडतं.

प्लगचे रंग, ओहमचे चार आकडे आणि कोणता कपलर काढून फरक पडला नाही, एवढं लिहून पाठवा. पुढचं त्यावरून सांगतो.