खानावळीतून आठवड्याला १२ लिटर वापरलेलं तेल निघतं; घरी बायोडिझेल बनवायचं यंत्र घेणं परवडेल का?

नाही, १२ लिटरसाठी यंत्र घेऊ नका. वर्षाचं तेल झालं साधारण ६०० लिटर. त्याला पाचवा हिस्सा, म्हणजे १२० लिटरच्या आसपास मिथेनॉल (तेलाचं बायोडिझेल करायला त्यात मिसळायचं अल्कोहोल) लागणार, शिवाय ही क्रिया घडवायला कॉस्टिक सोडा आणि तेल तापवायची वीज. सगळं नीट जमलं तरी हाती येणार साडेपाचशे लिटर, आणि डिझेलच्या मानाने त्यात ऊर्जा थोडी कमीच. तुमचं तेल फुकटही नाही, कारण एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या ‘रुको’ (वापरलेल्या तेलाचा पुनर्वापर) योजनेतले संकलक ते पैसे देऊन नेतात. आधी तो भाव विचारा आणि हिशोबात धरा.

खरी अडचण मिथेनॉलची आहे. ते विषारी, चटकन पेट घेणारं, आणि त्याची ज्योत दिवसा उजेडात जवळजवळ दिसतच नाही. महाराष्ट्रात ते घ्यायला-साठवायला परवाना लागतो. स्वयंपाकघराजवळ तर हे काम कृपा करून करूच नका. तळणाच्या तेलात पाणी आणि आम्ल असतं, त्यामुळे दर खेपेला तेल तपासून कॉस्टिकचं माप बदलावं लागतं. ते चुकलं की डबाभर साबण होतो. बायोडिझेल काढल्यावर खाली उरणाऱ्या ग्लिसरीनमध्येही मिथेनॉल असतं, ते गटारात ओतता येत नाही.

आठ-दहा हॉटेलांचं तेल नियमित मिळत असेल, वेगळी मोकळी जागा असेल आणि इंधन जुन्या साध्या डिझेल इंजिनात जाणार असेल, तर हिशोब बदलू शकतो. बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांच्या) डिझेल गाडीत मात्र घरचं बायोडिझेल घालू नका, इंजेक्टरचा खर्च यंत्राहून जड जाईल.