इंग्रजी शंकासमाधान : 'इफ'च्या मागे 'वुड हॅव' का नको?

प्रश्न : 2019 च्या महापुरात आमच्या दुकानातील माल भिजला. त्यावरील निबंधात मी 'इफ वी वुड हॅव शिफ्टेड द गुड्स, दे वुड हॅव बीन सेफ' असे लिहिले. सरांनी पहिल्या 'वुड हॅव'वर काट मारून 'हॅड' केले. मराठीत दोन्हीकडे 'असता' चालते. मग इंग्रजीत दोन रूपे कशासाठी?
– एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सरांची दुरुस्ती योग्य आहे, आणि चुकीचे मूळही आपण नेमके हेरले आहे. 'माल हलवला असता, तर वाचला असता' या वाक्यात मराठी अट आणि परिणाम एकाच साच्यात बसवते. इंग्रजीत मात्र न घडलेल्या गोष्टीची अट 'हॅड' व क्रियापदाचे तिसरे रूप यांनी सांगतात आणि 'वुड हॅव' परिणामासाठी राखून ठेवतात : 'इफ वी हॅड शिफ्टेड द गुड्स, दे वुड हॅव बीन सेफ.' अमेरिकी बोलण्यात 'इफ आय वुड हॅव नोन' सर्रास कानावर पडते, हे खरे. परंतु परीक्षेत त्याचा दाखला देऊन गुण मिळत नाहीत.

परिणाम आजपर्यंत टिकून असेल, तर 'हॅव'ही गळते. 'माल हलवला असता, तर आज आम्ही कर्जात नसतो' हे 'इफ वी हॅड शिफ्टेड द गुड्स, वी वुड नॉट बी इन डेट टुडे' असे होईल. अट कालची असली, तरी कर्ज आजचे आहे.

मात्र अट भूतकाळातील आहे एवढ्यावरून 'हॅड' लावण्याची घाई करू नये. माझ्या मते खरी गफलत येथेच होते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. 'रात्री पाणी 45 फुटांवर गेले असेल, तर रस्ता बंद केला असेल' असे म्हणणाऱ्याला पाणी तेवढे चढले की नाही, हे ठाऊक नसते. तेथे साधा भूतकाळच हवा : 'इफ द वॉटर क्रॉस्ड फॉर्टी-फाइव्ह फीट लास्ट नाइट, दे मस्ट हॅव क्लोज्ड द रोड.' पाणी चढलेच नाही हे ठाऊक असूनही आपण 'गेले असते, तर' म्हणतो, तेव्हा 'हॅड क्रॉस्ड' येते. म्हणून लिहिण्यापूर्वी मराठी वाक्य मनात म्हणून पाहावे आणि अटीत 'असेल' येते की 'असते', एवढे तपासावे.

औपचारिक लेखनात 'इफ' गाळून 'हॅड वी शिफ्टेड द गुड्स' अशी सुरुवातही करता येते.