अर्जात बसचं भाडं कुठंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ-दहा जणांचा भटका गट आहे, दर महिन्याला डोंगरात जाता. आता गरीब वस्तीतली मुलं, व्हीलचेअर वापरणारे आणि एकटे राहणारे ज्येष्ठ यांनाही सोबत न्यायचंय. त्यासाठी एका धर्मादाय निधीकडे अनुदान मागितलंत, दोन ओळींचा नकार आला, आणि चुकलं काय ते कळत नाहीये. अंदाजपत्रक सोबत टाकलंत ते बरं केलंत. घोळ तिथेच आहे.

चाळीस सॅक, चाळीस जोड बूट, बारा तंबू, दुर्बिणी, टी-शर्ट, बॅनर. प्रवास मात्र 'इतर खर्च' या ओळीत, चहापाण्याच्या शेजारी. ही यादी तुम्हाला डोंगरात काय लागतं त्याची झाली. जो माणूस आज घरीच बसलाय त्याचं कुठे अडतं, याचं उत्तर तिच्यात नाही. मी पंधरा वर्षं असले अर्ज लिहिले आणि नंतर पाच वर्षं एका छोट्या निधीच्या छाननी समितीवर बसून इतरांचे वाचले. 'मुलांना निसर्गाची ओढ लागावी' असं प्रत्येक अर्जात असतं. 'आमची मुलं येत नाहीत, कारण शेवटची बस सहाला सुटते' असं लिहिणारा एखादाच, आणि तोच लक्षात राहतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. आमच्या पहिल्या अनुदानातून आम्ही तीस जोड बूट घेतले. मापं अंदाजाने, कारण खरेदीची मुदत संपत आली होती आणि मुलं अजून ठरलीच नव्हती. अकरा जोड कुणाच्या ना कुणाच्या पायाला बसले. बाकीचे कपाटात गेले. तीन वर्षांनी काढले तर वरून कोरे करकरीत, पण तळवा दाबला की बोटाखाली भुगा होत होता. बुटाच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असेल तर न वापरता ठेवल्यावर दमट हवेने तो आतून कुजतो. निधीला पाठवलेल्या अहवालात आम्ही 'तीस लाभार्थी' असं लिहिलेलं होतं. आजही आठवलं की ओशाळायला होतं.

त्याच वर्षी नावं देऊन न आलेल्या सात मुलींच्या घरी मी गेलो. बुटांचं नाव एकीनेही काढलं नाही. परत किती वाजता येणार, सोबत बाई कोण आहे, आणि तिथे मुलींच्या लघवीची सोय काय, एवढे तीनच प्रश्न दारादारात विचारले गेले. तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या अर्जात आम्ही आडोशाचा एक घडीचा तंबू, दोन महिला स्वयंसेवकांचा प्रवासखर्च आणि दारापर्यंत सोडणारी गाडी मागितली. रक्कम आधीच्या निम्म्याहून कमी होती आणि मुली दुप्पट आल्या.

अडथळा नेमका हेरला की पैसे कशासाठी मागायचे ते आपोआप कळतं, याचा मला आवडणारा दाखला जुना आहे. १९०९ साली रिशार्ड शिरमान हे जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळात सापडले आणि एका शाळेत रात्र काढावी लागली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, मग तिथेच मुलांना मुक्काम का देऊ नये, हे त्यांना तिथे सुचलं. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं युवा वसतिगृह उभं राहिलं आणि पुढे ती चळवळ जगभर गेली. चालायला पाय सगळ्यांकडेच होते, परवडत नव्हता तो मुक्काम.

अलीकडचा दाखला अमेरिकेतला. २०१५ साली तिथे चौथीच्या मुलांना वर्षभर राष्ट्रीय उद्यानांत कुटुंबासह फुकट प्रवेशाची योजना आली. पण ज्या घरात गाडीच नाही, त्या घरातल्या मुलाने फुकट पास घेऊन करायचं काय? त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या प्रतिष्ठानाला शाळांच्या बसभाड्यासाठी वेगळी अनुदानं द्यावी लागली. तुमच्या अंदाजपत्रकात 'प्रवास' पहिल्या ओळीवर आणा. समितीवर असताना मी आधी तीच ओळ शोधायचो.

आता व्हीलचेअरवाल्यांचं. तुम्ही दोन जोएलेट मागितल्यात. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ही एका चाकाची खुर्ची, पुढे-मागे दांडे, एक जण ओढतो आणि एक जण तोल सांभाळतो. जोएल क्लोडेल या फ्रेंच डोंगरवाटाड्याने १९८७ मध्ये आपल्या स्नायूंच्या आजाराने ग्रासलेल्या पुतण्यासाठी ती बनवली. वस्तू झकास आहे, दगडधोंड्यांच्या अरुंद वाटेवर चार चाकं जिथे हात टेकतात तिथे हे एक चाक निघून जातं. पण ती चालते माणसांच्या जोरावर. चढ लागला की दोघांना पुरत नाही, आलटून-पालटून पाच-सहा जण लागतात, आणि त्यांनी आधी रिकाम्या खुर्चीवर, मग आपल्यातल्याच कुणाला बसवून सराव केलेला हवा. खुर्चीला पैसे मिळाले आणि ओढणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला मागितलेच नव्हते, म्हणून ताडपत्रीखाली पडून राहिलेली खुर्ची मी डोळ्यांनी पाहिली आहे. दोन मागू नका. एक मागा, आणि दुसरीच्या पैशात बारा जणांचं प्रशिक्षण बसवा.

त्याहीआधी एक काम करा. व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या सदस्यालाच घेऊन पायवाटेच्या तोंडापर्यंत जाऊन या, मोजपट्टी खिशात ठेवून. दुचाकी आत शिरू नयेत म्हणून वाटेच्या तोंडाशी जो लोखंडी अडसर लावलेला असतो, तो बहुतेक वेळा व्हीलचेअरलाही अडवतो. आमच्या एका वाटेवर सगळा प्रकल्प त्या अडसरापाशी थांबला होता. उपाय म्हणजे एक खांब सरकवणं. त्याला अनुदान लागलंच नाही, जागेच्या मालकाला एक पत्र पुरलं. (ते पत्र पोचून खांब हलायला आठ महिने लागले, ते सोडा.)

कधी अडथळ्यावरचा उतारा इतका स्वस्त असतो की अर्जात लिहायला लाज वाटते. एरिक वाईहेनमायर २००१ मध्ये एव्हरेस्टवर पोचला. तिथे पोचलेला तो पहिला दृष्टिहीन माणूस. तो पुढच्या गिर्यारोहकाच्या अंगावर वाजणाऱ्या घंटीच्या मागावर चालतो. घंटी कुठेही मिळेल. खर्च आहे तो ती घंटी घेऊन पुढे चालणाऱ्या, दगड कुठे आणि उतार किती हे बोलून सांगणाऱ्या माणसाला तयार करण्याचा. तोच मागा.

कुणाकडे मागायचं याबद्दल. निसर्गासाठी देणारे आणि माणसांना निसर्गात नेण्यासाठी देणारे, या दोन जाती वेगळ्या आहेत. दोघांच्या जाहिरातीत डोंगरच असतो म्हणून फसायला होतं. १९८९ साली बाहेरच्या भटकंतीचं सामान बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या चार कंपन्यांनी मिळून 'कॉन्झर्व्हेशन अलायन्स' काढली. सभासद कंपन्यांच्या वर्गणीतून ती अनुदानं देते, पण जंगलं आणि नद्या राखण्याच्या कामाला. तिथे सहलीचा अर्ज नेणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप. याउलट अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने २०१९ मध्ये जो 'आउटडोअर इक्विटी फंड' सुरू केला, त्याचा हेतूच कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं बाहेर पडावीत हा. तो सरकारी आहे, पण त्याच धर्तीवर विचार करणारे खासगी देणगीदार असतात. ते ओळखायचे कसे? मागच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी कुणाला पैसे दिले ती यादी बघा. उद्दिष्टांचा परिच्छेद वाचत बसू नका, तो सगळ्यांचा सारखाच गोड असतो.

अर्जात तुम्ही दोन परिच्छेद अभ्यासांवर घातलेत. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा रुग्णालयाच्या खिडकीचा अभ्यास आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या अर्जात यायचा. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, हे खरं. पण ते पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे ४६ रुग्ण होते आणि तुमची मुलं धडधाकट आहेत. त्यापेक्षा २०१९ चा इंग्लंडमधला अभ्यास तुमच्या कामाचा आहे, सुमारे वीस हजार माणसांचा. आठवड्यात निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे असं सांगणारे जास्त आढळले, मग ती मिनिटं एका दमात असोत की तुकड्यांत. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, तसा दावाही करू नका. पण वर्षातून एकदा लांबच्या डोंगरावर, की दर आठवड्याला घराजवळच्या टेकडीवर, हा प्रश्न तो नक्की उभा करतो. तुमच्या अर्जात चाळीस मुलं एकदाच जातात. मी समितीवर असतो तर विचारलं असतं, दहा मुलं बारा वेळा का नाही?

आकडा लहान दिसेल या भीतीने सगळे चाळीस लिहितात. माझा अनुभव उलटा आहे. पहिल्या सहलीला येणं म्हणजे कुतूहल. दुसऱ्यांदा कोण आलं आणि तिसऱ्यांदा कुणी धाकट्या भावाला सोबत आणलं, हे मोजून ठेवा. एक साधी वही पुरते.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. विमा आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण अर्जात हवंच, लहान मुलं असतील तर त्यांच्या सुरक्षिततेचे लेखी नियमही. स्वयंसेवकांचे तास मोजून 'आमचा वाटा' म्हणून दाखवा, पुष्कळ निधी ते धरतात. हिशेब ठेवणाऱ्याचं मानधन मागायला लाजू नका. मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी काही विकत घेऊ नका, आधी झालेला खर्च सहसा कुणी भरून देत नाही. आणि टी-शर्ट-बॅनर काढून टाका. ज्या मुलाने आपण गरीब आहोत हे दिवसभर विसरावं म्हणून त्याला डोंगरात नेता, त्याच्या छातीवर देणगीदाराचं नाव कशाला?

नकाराचं म्हणाल तर गप्प बसू नका. आभार मानून एकच प्रश्न विचारणारं पत्र पाठवा: पुढच्या फेरीसाठी यातली कोणती एक गोष्ट बदलू? आमच्याकडे नाकारलेल्यांपैकी फार थोडे जण हे विचारायचे, आणि जे विचारायचे त्यांचा दुसरा अर्ज आम्ही जरा सावरूनच उघडायचो. तोवर तुमच्या यादीतल्या पाच घरी जाऊन या. अंदाजपत्रक त्यानंतर लिहा आणि इथे टाका, आकड्यांवर नजर फिरवून देईन.