मवाळ स्वभावाचा मुलगा पोलिसात टिकेल का?

ताई, तुमचा मुलगा बारावीला आहे आणि पोलीस व्हायचं म्हणतोय. पण तो स्वभावाने मवाळ, कधी आवाज चढवत नाही, मग त्याचा निभाव कसा लागणार, असं तुम्ही विचारलंय. 'पोलीस दिसला की लोक वाट बदलतात, कशाला हवी अशी नोकरी?' हे घरच्यांचं म्हणणंही कळवलंय.

मवाळपणाची काळजी सोडा. गुन्हा घडताना पोलीस समोर असतो असं क्वचितच होतं. कुणीतरी खबर देतं, कुणीतरी जबाब द्यायला तयार होतं, तेव्हा तपास सरकतो. लोकांनी तोंडच उघडलं नाही, तर नुसता दरारा काय कामाचा?

अमेरिकेत कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये काही भागांत गाडीवरची गस्त दुप्पट-तिप्पट केली, काही भागांत नेहमीची गस्त थांबवली. गुन्ह्यांत फारसा फरक पडला नाही, लोकांच्या तो बदल लक्षातही आला नाही. पुढे न्यूअर्कमध्ये पायी गस्तीचा अभ्यास झाला. गुन्हे तिथेही घटले नाहीत, पण रहिवाशांना जास्त सुरक्षित वाटू लागलं, पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण विश्वास बसला की माणूस स्वतःहून बोलतो.

समजा, एका आजींकडे घरफोडी झाली. पंचनामा झाला, चोर सापडला नाही. काही दिवसांनी तोच हवालदार मुद्दाम डोकावतो, 'आजी, अजून धागा लागला नाही, पण शोध चालू आहे' एवढंच सांगतो. चोरी उघडकीला आलेली नसते, तरी पुढच्या वेळी शेजारी संशयास्पद काही दिसलं तर त्या आजी आधी त्यालाच कळवतील. हे काम तुमच्या मुलाला जमण्यासारखं आहे.

भिडस्तपणा मात्र वेगळा. ओळखीच्या माणसालाही 'नाही' म्हणता आलं पाहिजे. बळ वापरायची वेळ आली तर कचरायचं नाही, आणि गरजेपेक्षा कणभरही जास्त वापरायचं नाही. चारचौघांत अपमान झाला की तो कसा वागतो, ते आठवून पाहा. माझ्या मते खरी परीक्षा तिथे आहे. रात्रपाळी, सणासुदीचा बंदोबस्त हेही सोसावं लागेल. मैदानी चाचणी सरावाने जमते.

पदवीसाठी कायदा, मानसशास्त्र किंवा समाजकार्य यांचा विचार करा. त्याआधी त्याने तुमच्या भागातल्या बीट अंमलदाराला, म्हणजे तो भाग नेमून दिलेल्या पोलिसाला, भेटावं, दिवस कसा जातो ते विचारावं. त्याला एकट्यालाच जाऊ द्या, म्हणजे त्याचे प्रश्न तोच विचारेल.